शहरांचं मॉडेल: एकेक नियम काढून पाहताना

एजंट-बेस्ड मॉडेल म्हणजे ठरलेल्या नियमांनी वागणाऱ्या अनेक घटकांचं संगणकावरचं प्रतिरूप. त्यातला प्रत्येक घटक, म्हणजे एजंट, बहुतेक वेळा माणूस किंवा कुटुंब असतं. मला अख्खं शहरच एजंट धरायचं होतं. भूगोलतज्ज्ञ देनीझ प्युमँ, लेना सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘सिमपॉप’ या मॉडेलमध्ये ही वाट दाखवली होती: प्रत्येक वस्तीकडे लोकसंख्या आणि तिचे व्यवसाय, वस्त्यांची आपसात देवाणघेवाण, आणि त्यातून हळूहळू उभी राहणारी लहानमोठ्या शहरांची उतरंड.

अशी मॉडेलं चालवणाऱ्या नेटलोगो या सॉफ्टवेअरमध्ये सुरुवात करताना देवाणघेवाण मुद्दामच ठेवली नाही. फक्त जिब्राचा १९३१ चा नियम घातला: प्रत्येक शहर यादृच्छिक दराने वाढतं आणि त्या दराचा शहराच्या आकाराशी संबंध नसतो. काही वेळ रन चालवून शहराचा आकारानुसार क्रमांक आणि लोकसंख्या यांचा आलेख दोन्ही अक्षांवर लॉग स्केल ठेवून काढला, तर वरच्या टोकाला जवळजवळ सरळ रेषा! झिफच्या नियमासाठी (दुसरं शहर पहिल्याच्या साधारण निम्मं, तिसरं एक तृतीयांश, असा) आपण जी शोधतो, तशीच. शहरं एकमेकांची दखलही घेत नव्हती, तरी रेषा मिळाली. मग ती जुळली म्हणून शहरांच्या परस्परसंबंधांबद्दलचं मॉडेल खरं कसं मानायचं?

या प्रश्नाने पुढच्या कामाची दिशा ठरली. जिब्राच्या मॉडेलमध्ये शहरांच्या जागा नकाशावर अदलाबदल केल्या तरी काहीच बिघडत नाही. मला असं मॉडेल हवं होतं, ज्यात बिघडेल.

म्हणून गुरुत्वाकर्षणासारखा नियम आणला: दोन शहरांमधला व्यवहार त्यांच्या लोकसंख्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो, अंतराने घटतो. या व्यवहारातून नवी तंत्रं एका शहरातून दुसऱ्यात जातात, साधनसंपत्तीची मर्यादा वर सरकते आणि लोकसंख्या त्या मर्यादेकडे वाढते. अंतराचा घातांक, म्हणजे अंतराने व्यवहार किती झपाट्याने घटतो ते ठरवणारा आकडा, वाढवला की प्रत्येक भागात आपापलं मोठं शहर तयार व्हायचं. कमी केला की भूगोल जणू पुसला जायचा. स्क्रीनवर हे घडताना बघणं मला फार आवडायचं.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. नेटलोगोतली ‘आस्क’ ही आज्ञा एजंटांना एकामागून एक बोलावते. ‘क’ शहराची लोकसंख्या लगेच बदलली, तर त्यानंतर पाळी आलेलं ‘ख’ शहर त्याच पावलात नवा आकडा वाचतं, म्हणजे पाळीचा क्रम निकालात शिरतो. म्हणून मी प्रत्येक पाऊल दोन टप्प्यांत ठेवलं: आधी सगळ्यांनी हिशेब करून नवा आकडा बाजूला ठेवायचा, मग सगळ्यांनी एकदम बदलायचा.

कॅलिब्रेशन, म्हणजे मॉडेलचा निकाल खऱ्या आकड्यांशी जुळेल अशा पॅरामीटरच्या (नियमांतल्या बदलत्या आकड्यांच्या) किमती शोधणं, हाताने होण्यातलं नव्हतं. पॅरामीटर एकमेकांत गुंतलेले, शिवाय दर सीडला, म्हणजे यादृच्छिक आकड्यांच्या वेगळ्या सुरुवातीला, निकाल वेगळा. मॉडेल असंख्य वेळा चालवून तपासणाऱ्या ओपनमोल या सॉफ्टवेअरवर जेनेटिक अल्गोरिदम (चांगले संच निवडून, मिसळून, थोडे बदलून आणखी चांगले शोधणारी पद्धत) लावला आणि प्रत्येक संच अनेक सीडवर तपासला. त्याहून मोलाची ठरली कॅलिब्रेशन प्रोफाइलची पद्धत. एक पॅरामीटर ठरावीक किमतीला बांधून ठेवायचा, बाकीच्यांना हवं तसं जुळू द्यायचं आणि चूक किती कमी होऊ शकते ते पाहायचं. मग ती किंमत थोडी सरकवून पुन्हा तेच.

नवं तंत्र काही काळाने कालबाह्य होतं, हा नियम मला अगदी पटलेला होता. त्याची प्रोफाइल सपाट आली. काहीही किंमत द्या, बाकीचे पॅरामीटर सांभाळून घेतात. मी तो नियम काढून टाकला. अंतराची प्रोफाइल मात्र खोल दरीसारखी निघाली. घातांक शून्याकडे नेला की बाकी काहीही करून चूक कमी होईना. तो नियम मॉडेलमध्ये राहिला. आता याच पद्धतीने साधनसंपत्तीच्या मर्यादेचा नियम तपासतो आहे.