खातोय ना अजून?

कुत्र्याला झोपवायचा, म्हणजे इंजेक्शननं मरण द्यायचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी हे म्हणतंच. सांगलीतल्या हरिपूर रोडवरच्या त्या लॅब्रॅडॉरच्या बाबतीत पुण्यातला मुलगा फोनवरून म्हणत होता. तेरा वर्षांचं, ३६ किलोचं कुत्रं, मागचे दोन्ही पाय गेलेले, आणि सकाळी दुधात कुस्करलेल्या दोन चपात्या साफ. खरं तर लॅब्रॅडॉरला भुकेवरून जोखायचंच नसतं. ही जात शेवटच्या दिवशीही ताट चाटते.

त्यात आधी दुसरीकडे त्याला रोज डेक्सामेथासोन टोचलं जात होतं. स्टिरॉइडनं भूक वाढते, तरतरी येते, घरच्यांना वाटतं उतार पडला. तहान आणि लघवीही वाढते हे कुणी सांगत नाही. जोडीला मेलोक्झिकॅम या वेदनाशामकाच्या गोळ्या. त्यामुळं शी डांबरासारखी काळी, म्हणजे पोटात अल्सर होऊन रक्त जातंय. ही दोन औषधं एकत्र द्यायची नाहीत हे कॉलेजातलं पोरगंही सांगेल. पण इंजेक्शन दिलं की मालकाला काहीतरी केल्यासारखं दिसतं, आणि आम्हा जनावरांच्या डॉक्टरांतल्या बऱ्याच जणांचं दुकान त्या दिसण्यावर चालतं.

मागच्या पायाचं बोट आर्टरी फोर्सेप्सनं, म्हणजे चिमट्यानं दाबलं, तसा पाय झटकन आत गेला. "ओढला की ओ पाय!" सूनबाई हरखल्या. इथंच सगळे फसतात. पाय ओढणं मणक्यातल्या मणक्यात होतं, मेंदूला त्याची खबर असावीच असं नाही. बघायचं असतं तोंडाकडं: मान वळते का, कण्हतो का, चावायला येतो का. बोट हाडापर्यंत दाबलं तरी हा समोरच्या बिस्किटाच्या पुड्याकडं बघत होता. ही हाडापर्यंतची खोल वेदना कळेनाशी होऊन दोन दिवस उलटले की पाय परत येण्याची आशा फार थोडी उरते. इथं आठवडा उलटून गेला होता.

लघवीचंही तसंच. "सारखी होतेय," म्हणाले. पोटाला हात लावला तर मूत्राशय नारळाएवढं टणक. होत नव्हती, भरून सांडत होती. अशा कुत्र्याची लघवी दिवसातून तीन-चारदा पोट दाबून काढावी लागते. ते कुणी शिकवलं नव्हतं. गादी ओली, दिवस पावसाळ्याचे, खुब्यावर चट्टा पडलेला. माशी बसली की दिवसभरात अळ्या. टर्पेंटाइनचा बोळा ठेवून चिमट्यानं काढत गेलो, तर कातडीखाली खिसा बोटभर आत गेलेला. त्यावर आधी फिनेल ओतलं होतं. जखमेवर फिनेल ओतायचं नसतं हो, ते फरशीचं औषध आहे.

आता खरी अडचण. चट्टा होता तिथं त्याला संवेदनाच नव्हती. मग त्रास कुठं होत होता? आजींनी रात्रीचा व्हिडिओ दाखवला. दर चार तासांनी कूस बदलायचं काम त्यांच्याकडं होतं. "दिवसा तुमच्याम्होरं कान टवकारतंय. रातच्याला बघा की." पुढच्या पायांवर उठायचं, घसरायचं, परत उठायचं, कोपरं सोललेली, धापा. धापा स्टिरॉइडनंही लागतात, हे मी तेव्हाही जाणून होतो. जनावराचं जगणं कितपत सुसह्य आहे हे जोखायला अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची सात मुद्द्यांची मोजपट्टी आहे. प्रत्येकी १० गुण, बेरीज ३५ च्या वर असली तर ठीक. भुकेचे १० याला फुकट मिळाले तरी बेरीज ३५ च्या खालीच. बेरजेपेक्षा मी आजींचं धरलं. सलग तासभर तो शांत झोपत नव्हता.

मुलगा म्हणाला, शनिवारी येतो, तोवर थांबा. तो बुधवार होता. हिरड्या पांढऱ्या, ताप १०४.५, शी काळी. मी थांबायला नको म्हणालो.

कॅन्युला, म्हणजे शिरेतली नळी आधी, भूल नंतर, हा क्रम चुकवू नये. गुंगीनं रक्तदाब उतरला की म्हाताऱ्या कुत्र्याची शीर सापडत नाही. पुढच्या पायात २२ नंबरची घातली, सलाइन सोडून शिरेतच आहे याची खात्री केली. थायोपेंटोन, म्हणजे जास्त मात्रेत जीव थांबवणारं भुलीचं औषध, शिरेबाहेर गेलं तर जाळतं. झायलाझिन हे गुंगीचं औषध टाळलं; त्यानं बरीच कुत्री ओकतात, आणि सूनबाईंनी नुकताच पेढा भरवला होता. मिडाझोलॅम-ब्युटॉरफॅनॉल या गुंगीच्या जोडीनं मान खाली गेली, मग थायोपेंटोन. डोळे मिटत नाहीत, नंतर एखादा श्वास आल्यासारखा होतो, लघवी सुटते, हे तिघांना आधीच सांगून ठेवलं होतं. आधी सांगितलं नाही तर जिवंतच होता असं वाटून लोक वर्षानुवर्षं झुरतात. पाच मिनिटं स्टेथोस्कोप लावून ठेवला, बुबुळाला बोट लावून बघितलं, मगच सांगितलं.

खड्डा नदीकडच्या रानात घेऊ नका म्हटलं, कृष्णेचं पाणी वर आलं की काळ्या मातीत खालून भरतं. उंचावर, विहिरीपासून लांब, चार फुटांपेक्षा खोल, वर दगड. औषध मांसात राहतं. भटक्या कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर तीही मरू शकतात.

शनिवारी मुलगा दवाखान्यात आला. तीन दिवस सलाइन, अँटिबायोटिक देऊन ठेवता आलं नसतं का, विचारलं. ठेवता आलं असतं, कदाचित. मी तसंच सांगितलं. त्या तीन रात्री कुणासाठी, हे मात्र त्याला विचारलं नाही. त्याचा राग अजून आहे, आणि परत बुधवार आला तरी मी शनिवारपर्यंत थांबणार नाही.