बेअर कोडिॲक मॅग्नमच्या शोधात: ग्रेलिंगची वारी आणि 1953 ची थाप

सगळ्यात आधी एक गोष्ट. पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचा. बेअर ही धनुष्यं बनवणारी अमेरिकन कंपनी. तिच्या जुन्या धनुष्यांवर 'कॅनडा पेटंट 1953' असं छापलेलं असतं. ते धनुष्याचं जन्मसाल नव्हे. 1972 पर्यंत बनलेल्या कितीतरी धनुष्यांवर ही ओळ आहे. पेटंट 1953 चं, धनुष्य नंतर कधीचंही. हे ज्यांना माहीत नाही असे विक्रेते, आणि ज्यांना पक्कं माहीत आहे असेही विक्रेते, '1953 चं दुर्मिळ कोडिॲक मॅग्नम' अशी जाहिरात टाकतात. मग डेट्रॉइटच्या उपनगरातला कुणीतरी मराठी माणूस शनिवारी पहाटे थर्मासमध्ये चहा भरून मिशिगनच्या उत्तरेला, ग्रेलिंग गावाकडे सुटतो.

मॅग्नम हे मॉडेलच 1960 च्या दशकातलं, त्यामुळे साल खोटं आहे हे निघतानाच ठाऊक होतं. फोटो मात्र चांगले होते: लांबी 52 इंच, ओढायचं वजन 45 पौंड, हँडलमध्ये बसवलेलं पितळी नाणं (कंपनीचा बिल्ला). म्हटलं, साल गेलं खड्ड्यात, माल तर बघू.

हे लिखाण कुणासाठी, तेही सांगतो. ज्यांचा हात 40-45 पौंडांवर बसलेला आहे, ज्यांच्याकडे टॅब (दोरी ओढताना बोटं वाचवणारा तुकडा), आर्मगार्ड आणि स्वतःचा स्ट्रिंगर (दोरी चढवायचं साधन) आहे, त्यांच्यासाठी. नुकतंच शिकत असाल तर क्लबचं 25 पौंडी धनुष्य वर्षभर ओढा आणि मग या वाटेला या. बुटकं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) नवशिक्याला माफ करत नाही. हात जरा हलला की बाण सांगतो.

मग बुटकं हवंच कशाला? मिशिगनचा हिवाळा बेसमेंटमध्ये जातो आणि बेसमेंटचं छत लांब धनुष्याला आडवं येतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे माझी ओढ (दोरी जेवढी मागे खेचतो ती लांबी) 27 इंचांची. तेवढ्यात 52 इंची धनुष्य आरामात काम करतं. तुमची ओढ 29-30 असेल तर या फंदात पडूच नका. शेवटच्या दोन इंचांत वजन एकदम चढतं आणि दोरीचा कोन इतका तिरपा होतो की बोटं चिमट्यात सापडतात. बेअरचंच 58 इंची ग्रिझली घ्या किंवा 60 इंची साधं कोडिॲक, आणि सुखी राहा. 48 इंची सुपर मॅग्नमही मिळतं आणि भिंतीवर फार देखणं दिसतं. माझ्या मते तिथेच राहू द्यावं.

आता ग्रेलिंगच का? फ्रेड बेअरने 1947 मध्ये कारखाना डेट्रॉइटहून तिथे नेला आणि 1978 पर्यंत धनुष्यं तिथेच बनली. मग संप झाला आणि कंपनी फ्लोरिडात गेन्सव्हिलला गेली. तीस वर्षं ज्या गावात कारखाना होता, तिथल्या गॅरेजांत नि बार्नमध्ये माल पडून असणार, हा साधा हिशोब. हिशोब बरोबर आहे. फक्त तो त्या गावच्या दुकानदारांनीही केलेला आहे. फ्रेड बेअरचं संग्रहालय बघायला म्हणून जाणार असाल तर जाऊ नका, ते केव्हाच तिथून हललं.

आय-75 हायवेबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झिलवॉकी पूल, बे सिटी, वेस्ट ब्रँच, सरळ रस्ता, तीन तास. सोबत मंदार होता. त्याला धनुष्यात रस नाही, फ्रँकनमथच्या चिकनमध्ये आहे. ते त्याला परतीत मिळालं आणि छान होतं म्हणे.

खरी कथा एम-72 हा ग्रेलिंगजवळचा पक्का रस्ता सोडल्यावर सुरू होते. विक्रेत्याचा पत्ता जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर होता. मार्च संपत आला की इथे वरचा बर्फ वितळतो, खालची जमीन गोठलेलीच राहते, पाणी मुरायला जागा नसते आणि रस्त्याचा चिखलाचा शिरा होतो. सेडान गाडी. चाकं एका चरात उतरली की स्टिअरिंग नावालाच हातात. मध्ये मध्ये करवतीसारख्या आडव्या वरंब्यांची पट्टी, तिथे डॅशबोर्ड सुटून हातात येतो की काय असं वाटत होतं. फोनची रेंज गेली, नकाशा गोठला. मंदार म्हणाला, "अरे, इथे अडकलो ना, तर लोक आपल्याला मे महिन्यात शोधतील." मी उत्तर दिलं नाही, कारण दात एकमेकांवर आपटत होते. कुणी फोनवर "जरासा कच्चा रस्ता आहे" म्हणालं, तर त्याला विचारा की त्याची स्वतःची गाडी कुठली. याची पिकअप होती. मोठ्या टायरांची.

बार्नमध्ये धनुष्य भिंतीला टेकवून कोपऱ्यात उभं केलेलं. इथेच माझं मन खट्टू झालं. रिकर्व्ह आडवं, दोन खुंट्यांवर ठेवायचं असतं. वर्षानुवर्षं टोकावर उभं ठेवलं की खालचा लिम्ब (हँडलच्या खालचा-वरचा वाकणारा भाग म्हणजे लिम्ब) हळूहळू एका बाजूला झुकतो.

धनुष्यावरचा सीरियल नंबर बघितला, पहिला आकडा 8. 1965 ते 69 मधल्या बेअर धनुष्यांवर नंबरचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा, म्हणजे हे 1968 चं. (1970 पासून हा नियम लागू नाही, तिथे डोकं लावू नका.) विक्रेत्याला सांगितलं, तर तो 'पेटंट 1953' या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मला वाचता येत नाही.

मी स्ट्रिंगर काढला. तो म्हणाला, "ते लागत नाही, मी चाळीस वर्षं असंच चढवतोय." आणि धनुष्य दोन पायांत घालून, मांडीवर रेटून दोरी चढवायला लागला. बघवत नव्हतं. या पद्धतीतच लिम्बला पीळ पडतो. बरं, चढवली ती दोरी 60 इंची धनुष्याची, ती लेंग्याच्या नाडीसारखी लोंबत राहिली. मग आतून दुसरी आणली. "ही वेगळी, 35 डॉलर." साधी डॅक्रॉनची दोरी, ऑनलाइन याच्या निम्म्याहून कमी किमतीत येते.

दोरी चढल्यावर मी धनुष्य दोरीच्या बाजूने डोळ्यांसमोर धरलं आणि दोरी हँडलच्या मधोमध आणली. खाली ठीक. वर मात्र दोरी खाचेतून निघून लिम्बच्या डाव्या कडेला जवळजवळ चिकटलेली, उजवीकडे अंगठ्याच्या नखाएवढी काच (लिम्बवरचा फायबरग्लासचा थर) उघडी. लिम्ब स्पष्ट पिळलेला. हँडलवर साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) स्क्रूची दोन भोकं, त्यात तपकिरी मेण भरून वरून पॉलिश. जाहिरातीतले फोटो दुसऱ्या बाजूने काढलेले होते, यात आश्चर्य नाही. "जुन्या वस्तूत एवढं असायचंच," तो म्हणाला. किंमत 425 डॉलर, रोख, दोरी वेगळी.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण बुटक्या रिकर्व्हसाठीच असावी. हलका पीळ कोमट ऊब देऊन, विरुद्ध बाजूला हाताने धरून कधी कधी निघतो. पण तो उद्योग फुकट मिळालेल्या धनुष्यावर करायचा. माझा हिशोब: या मालाचे 80 डॉलर, तेही दोरीसकट. मी 80 म्हणालो. त्याने धनुष्य परत कोपऱ्यात उभं केलं. तोच चिखल तुडवत आम्ही परत.

त्या संध्याकाळी मोटेलमध्ये मी मंदारला सांगितलं की जुनं धनुष्य घेणं हा मूर्खांचा धंदा आहे, नवीन घ्यावं. एवढं थकलेलं असताना दिलेला सल्ला धरू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी हार्टविक पाइन्समध्ये जुने व्हाइट पाइन बघितले, मोठे आहेत. एका अँटिक मॉलमध्ये अजून एक 'साठच्या दशकातलं' कोडिॲक दिसलं. नाण्यावरून नख फिरवलं, तर अडकलं. 1972 पर्यंतची नाणी लाकडाच्या पातळीत बसवलेली असतात, 1973 पासून ती वर उचललेली. काउंटरवरच्या मुलीला सांगून उपयोग नव्हता, चिठ्ठी मालकाने लावलेली.

आणि मग परतीच्या वाटेवर, वेस्ट ब्रँचच्या अलीकडे, हायवेपासून दोन मिनिटांवर, डांबरी रस्ता (हे मुद्दाम लिहितो आहे), एका आजोबांचं गॅरेज. यांची जाहिरात दोन ओळींची, एकच अंधुक फोटो, साल लिहिलेलंच नाही. कोडिॲक मॅग्नम, 52 इंच, 45 पौंड, खुंट्यांवर आडवं. आजोबांनी स्वतःचा स्ट्रिंगर काढून दोरी चढवली आणि म्हणाले, "आता दहा मिनिटं बस. खूप दिवसांनी ताण पडलाय त्याला." मला तिथेच पैसे काढावेसे वाटले. नंतर त्यांनी कापसाचा बोळा दिला. तो दोन्ही लिम्ब्जच्या कडांवरून सावकाश फिरवायचा. फायबरग्लासचं कुसळ उठलं असेल किंवा थर सुटला असेल तर कापूस धागे सोडतो. एकही धागा अडकला नाही. काचेत उभ्या बारीक रेघा होत्या, त्या वयाच्या, त्यांनी बिघडत नाही. आडवी रेघ दिसली की मात्र धनुष्य खाली ठेवा आणि चालू लागा.

ओढताना आधी अर्धी ओढ, मग पाऊण, मग पूर्ण. टक-टक आवाज आला तर थांबा. बाणाशिवाय दोरी कधीही सोडू नका, कुणी दुकानदार "सोडून बघ" म्हणाला तरी. माझ्या 27 इंचांवर वजन 43 च्या आसपास भरलं, म्हणजे छापलेल्या 45 ला धरूनच. आजोबांनी 190 सांगितले, मी 190 दिले. घासाघीस केली नाही. आयुष्यात इतक्या आनंदाने पैसे दिल्याचं आठवत नाही. मंदारला हे पटलेलं नाही.

वापरून बघितल्यावर: 15 यार्डांवर झकास, 25 च्या पुढे हाताला शिस्त हवी. दोरी डॅक्रॉनचीच, बी-50 किंवा बी-55. नव्या न ताणणाऱ्या दोऱ्यांसाठी या जुन्या टोकांना मजबुती दिलेली नाही, खाच फाटते. दोरीची प्रत्यक्ष लांबी 48 इंचांच्या आसपास. ब्रेस हाइट (दोरी आणि हँडलमधलं अंतर) मी पावणेआठ इंचांवर ठेवली, पावणेसातला दोरी मनगटावर चाबकासारखी बसली. बाण शेल्फवरून (हँडलच्या वरच्या खाचेवर टेकवून) सोडायचे, म्हणून पिसांचेच. प्लॅस्टिकची पाती असलेले आणाल तर बाण लाथ मारून बाहेर जातो. बाणाचं वजन धनुष्याच्या पौंडामागे किमान 8-9 ग्रेन (बाण तोलायचं बारीक माप), म्हणजे 45 ला चारशेच्या आसपास. हलका बाण म्हणजे निम्मी ड्राय फायर, बाणाशिवाय दोरी सोडल्यासारखं. चिमटा फार वाटला तर तिन्ही बोटं बाणाच्या खाली घेऊन बघा, आणि पातळ टॅब फेकून द्या.

पुण्याला न्यायचं असेल त्यांच्यासाठी: 52 इंची धनुष्य बॅगेत मावत नाही, पीव्हीसी पाइप लागतो. लांबी, रुंदी आणि उंची मिळून 62 इंच ही बहुतेक विमान कंपन्यांची चेक-इन मर्यादा. झाकणं त्या मापाच्या आतच बसवा. केबिनमध्ये नेता येत नाही. गाडीच्या डिकीत उन्हाळ्यात ठेवू नका, गोंद सुटतो.

जाणार असाल तर मे उजाडल्यावर जा, रोख न्या, स्ट्रिंगर आणि कापूस खिशात ठेवा. फोनवर एकच प्रश्न विचारा: "माझ्यासमोर, माझ्या स्ट्रिंगरने दोरी चढवू द्याल का?" उत्तर देताना समोरचा अडखळला, तर एम-72 वरून वळूच नका.