टाचेवर टाच

मराठीत 'टाच' हा शब्द दोन कामं करतो. एक टाच आपल्या पायाखाली असते, तिच्याकडे आपण कधी ढुंकूनही बघत नाही. दुसरी वर्तमानपत्रात भेटते, अमक्याच्या मालमत्तेवर टाच, तमक्याच्या बँक खात्यावर टाच. गेल्या वर्षी या दोघी एकाच दिवशी माझ्या घरी मुक्कामाला आल्या. पायाची टाच मोडली आणि चालणं, जिना, अंघोळ, गाडीचा क्लच अशा माझ्या सगळ्या स्थावर-जंगमावर टाच आली.

मोडली कशी, ती गोष्ट जरा सांगण्यासारखी असती तर बरं झालं असतं. गड उतरताना, नाहीतर गेलाबाजार क्रिकेट खेळताना. मी पंखा पुसत होतो. घडीच्या शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा होतो, दोन पाती पुसून झाली होती. तिसऱ्यासाठी शिडी सरकवायला हवी होती, मी शिडीऐवजी स्वतःच सरकलो. बरं, पडलोही धड नाही. आडवा झालो नाही, डोकं आपटलं नाही, ओरडलोसुद्धा नाही. शिडीवर जसा उभा होतो तसाच खाली उभा राहिलो. क्षणभर तर आपण या वयातही सफाईदार उडी मारली असं वाटून बरं वाटलं. मग डाव्या पायावर भार दिला आणि तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे नेमकी कुठल्या रस्त्यानं जाते ते समजलं.

टाच मोडायची हीच खरी रीत आहे, हे नंतर कळलं. माणूस उंचावरून सरळ पायांवर उतरतो, घोट्यातलं हाड वरून पाचरीसारखं टाचेच्या हाडात घुसतं. पावलात २६ हाडं, त्यांत हे सगळ्यांत मोठं. दिसायला दणकट, पण आतून स्पंजासारखं जाळीदार आणि वर पातळ कवच. त्यामुळे ते काठीसारखं काडकन मोडत नाही, पुठ्ठ्याच्या खोक्यासारखं चेपतं. डॉक्टरांनी गमतीनं सांगितलं की इंग्रजीत याला 'प्रियकराचं फ्रॅक्चर' म्हणतात. नवरा अवेळी घरी आला की खिडकीतून उडी टाकणारा जो कोणी, त्याचं. बायको शेजारीच उभी होती. म्हणाली, "आमच्याकडे प्रियकर पंखे पुसतात."

पण ते नंतर. पहिल्या डॉक्टरांनी पायाला हात लावण्याआधी माझी पाठच चाचपायला घेतली. एकेक मणका दाबत, "इथे दुखतंय? इथे?" मला वाटलं, यांनी दुसऱ्याच कुणाचा कागद वाचला. मी दोनदा पायाकडे बोट दाखवलं. त्यांनी शांतपणे पाठीचा कार्यक्रम पूर्ण केला आणि मग सांगितलं, टाच मोडून येणाऱ्या साधारण दहातल्या एकाचा कण्यातला मणकाही दबलेला असतो. टाचेतून शिरलेला धक्का वर चढत जातो. माझा चढला नव्हता. सगळा टाचेनंच अंगावर घेतला होता. त्याबद्दल तिचे आभार मानायला हवे होते, पण तेव्हा मी तिच्यावर चिडलेलो होतो.

एक्स-रेवर डॉक्टरांनी पेनानं दोन रेघा मारल्या. धडधाकट टाचेवर या दोन रेघांमधला कोन २० ते ४० अंशांचा येतो. लॉरेन्झ ब्योलर या ऑस्ट्रियन सर्जननं १९३१ साली हा कोन मांडला, आजही तो त्याच्याच नावानं ओळखतात. माझा नऊ भरला. भूमितीत इतके कमी मला शाळेतही पडले नव्हते.

ऑपरेशन ठरलं, पण लगेच नाही. पाऊल इतकं सुजलं होतं की कातडी फुग्यासारखी तुकतुकीत झाली होती, त्यावर दोन फोडही उठले होते. अशा ताणलेल्या कातडीला चीर दिली तर ती नीट भरून येत नाही. मग पाय उशांच्या चळतीवर छातीपेक्षा उंच ठेवायचा आणि वाट बघायची. कशाची, तर सुरकुत्यांची. रोज डॉक्टर येत, पाऊल अलगद वर वाकवत आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला कातडी चुरगळते का ते बघत. "आयुष्यभर लोक सुरकुत्या घालवायच्या मागे असतात आणि आम्ही त्या पडायची वाट बघतोय," असं बायको येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची. दहाव्या दिवशी तीन-चार बारीक रेघा उमटल्या. डॉक्टरांचा चेहरा असा खुलला, की जणू बाळाला पहिला दात आला. सिगारेट ओढता का, हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी तीनदा विचारलं. धुरानं जखम भरायला त्रास होतो. मी तिन्ही वेळा नाही म्हटलं आणि तिन्ही वेळा उगाचच अपराधी वाटलं.

धातूची एक पट्टी आणि मूठभर स्क्रू घालून टाच टाचली. हे वाक्य माणसाला आयुष्यात एकदाच खरेपणानं बोलता येतं, त्यामुळे पुढचे दोन महिने जो भेटेल त्याला मी ते ऐकवलं. सोबत जप्तीचा हुकूमही निघाला होता. आठ आठवडे डाव्या पायावर अजिबात वजन टाकायचं नाही.

आठ आठवडे पाठीवर पडून मी जे बघितलं ते म्हणजे पंखा. दोन पाती स्वच्छ, तिसऱ्यावर धूळ. पंखा फिरत असला की तिन्ही सारखीच दिसायची. बंद केला की ते तिसरं पातं बरोबर माझ्या डोक्यावर येऊन थांबायचं. यात काही योजना असावी असा मला दाट संशय होता.

कुबड्यांबद्दल माझी समजूत अशी, की त्या काखेत धरायच्या आणि त्यांवर लटकायचं. तसं करणाऱ्याच्या काखेतली नस दबून हाताला मुंग्या येतात. काख आणि कुबडीच्या मधे दोन-तीन बोटं जागा ठेवायची आणि भार द्यायचा तळहातांवर. म्हणजे चालायचं हातांनीच. तळहातांना घट्टे पडले, दंड बरे झाले. पण कुबड्यांनी सगळ्यांत मोठी गोष्ट काढून घेतली ती म्हणजे हात. स्वयंपाकघरातून खोलीपर्यंत पाण्याचा एक पेला आणून दाखवा. मी पुष्कळ युक्त्या केल्या. पेला ओट्यावर हातभर पुढे सरकवायचा, स्वतः एक उडी मारायची, पुन्हा पेला सरकवायचा. ओटा संपला की शोध संपला. शेवटी ओट्याशी उभ्या उभ्याच पाणी प्यायला शिकलो आणि गळ्यात बाटली अडकवून घरभर हिंडायला लागलो. शाळेत जाणाऱ्या मुलासारखा दिसतोस, असं आई म्हणाली. कौतुकानं म्हणाली, हे जास्त लागलं.

बघायला येणाऱ्यांवर वेगळं लिहायला हवं, इथे नको. प्रत्येकाकडे एक मोडलेलं हाड असतं आणि ते आपल्यापेक्षा जास्त मोडलेलं असतं, एवढंच.

पट्ट्या सुटल्यावर दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून बघितले. ते एकाच माणसाचे वाटेनात. डावी पोटरी घरंगळून कुठेतरी निघून गेली होती. कातडीचे पापुद्रे निघत होते आणि पाय खाली सोडला की पाच मिनिटांत पाऊल जांभळं व्हायचं. फिजिओथेरपीच्या बाई आल्या त्या हसत हसतच. त्यांनी दोन कामं दिली. जमिनीवर टॉवेल पसरून तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा आणि अंगठा म्हणजे पेन्सिल समजून हवेत अक्षरं काढायची. त्या 'ए टू झेड' म्हणाल्या होत्या. मी म्हटलं, पाय मराठी माध्यमातला आहे.

अ काढला. डगमगत, पण जमला. आ, इ, ई. वरखाली घोटा बऱ्यापैकी हलत होता, त्यामुळे उभे दांडे सरळ येत होते. क ची गोलाई कशीबशी झाली. आणि मग वरची रेघ. डोक्यावरून डावीकडून उजवीकडे जाणारी, शाळेत मास्तर पट्टी घेऊन जिच्यावर नजर ठेवायचे ती रेघ. पाय जागचा हलेना. गुडघा वळला, मांडी वळली, पाऊल होतं तिथेच. बाईंनी गुडघा हातानं धरून ठेवला आणि म्हणाल्या, "आता काढा." रेघ निघालीच नाही.

त्याचं कारण त्यांनी माझ्याच पायावर बोट ठेवून दाखवलं. घोट्याच्या सांध्यानं पाऊल वरखाली होतं. ते आत-बाहेर कलतं ते मुख्यतः त्याच्या खालच्या सांध्यात, म्हणजे वरचं हाड जिथे टाचेवर बसतं तिथे. माझी पाचर घुसली होती ती नेमकी तिथेच. म्हणजे माझ्या पायाला अक्षर येत होतं, शिरोरेघ येत नव्हती. त्या दिवसापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ ती एक रेघ गिरवत बसलो. ळ हे अक्षर इतकं दुष्ट आहे हेही तेव्हाच कळलं.

मग वजनाची परवानगी मिळाली, तीही हप्त्यानं. वजनकाटा जमिनीवर, त्याच्याशेजारी तेवढ्याच उंचीची दोन जाड पुस्तकं. उजवा पाय पुस्तकांवर, डावा काट्यावर, आणि काटा दहा किलोवर आला की थांबायचं. ते दहा किलो अंगात मुरवून घ्यायचे, म्हणजे कुबड्यांवर चालताना पायाला अंदाज राहतो. पुढच्या आठवड्यात वीस. माझं वजन शहात्तर. जुनी थकबाकी फेडल्यासारखी मी माझी स्वतःचीच रक्कम डाव्या पायाकडे जमा करत गेलो. एकदा काटा पस्तिसावरून घसरून अठ्ठावीसवर आला. दुखलं नव्हतं, पायानं नुसताच अंग चोरलं होतं. हाड सांधलं गेलंय हे एक्स-रेनं डॉक्टरांना सांगितलं होतं, मलाही सांगितलं होतं, पायाला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

कुबड्या सुटल्यावर चालायचं कसं ते आठवेना. "आधी टाच, मग बोटं," बाई म्हणायच्या. पाय आधी बोटं टेकवायचा, भीत भीत, पाणी किती गार आहे बघावं तसा. टाच टेकवायची म्हटलं की हात हलायचे थांबायचे, हातांकडे लक्ष दिलं की टाच विसरायची. जिन्याला सोपा नियम होता, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. "चांगला वर जातो, वाईट खाली," हे स्वर्ग-नरकाचं गणित पाठ करत मी जिने केले. चढणं लवकर जमलं. एका पायरीवर एकच पाय टाकत उतरायला मात्र पाच महिने लागले, आणि अजूनही कठड्याकडे माझा हात आपसूक जातो.

सपाट फरशीवर मी तोवर बरा दिसणारा माणूस झालो होतो. खरी परीक्षा बाहेर होती. रस्ता कडेला जरासा उतरता असतो हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. माझ्या टाचेला ते पहिल्याच फेरीत कळलं. खडीवर पाय टाकला की प्रत्येक खडा वेगळा मोजता यायचा. एरवी पाऊल आत-बाहेर कलून हे सगळं आपल्याला न विचारता निस्तरत असतं. माझ्यापर्यंत आता एकेक खडा तक्रार घेऊन यायला लागला. "जरा पाय मोकळे करून येतो" असं म्हणून बाहेर पडायचो आणि पाय आवळून परत यायचो. संध्याकाळी मोज्याची वीण घोट्यावर खोल उमटलेली असायची. सूज महिनोन् महिने येत-जात राहील, वर्ष धरा, त्याहून जास्तही लागेल, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. त्यामुळे निदान घाबरलो नाही.

शेवटची मोठी वसुली चवड्यावर उभं राहण्याची. दोन्ही पायांवर जमलं. एकट्या डाव्यावर टाच उचलायची म्हटलं की भिंतीला हात लावूनसुद्धा ती जमिनीला चिकटलेली. पोटरीचा सगळा जोर एका जाड शिरेतून टाचेच्या मागच्या टोकाला येतो आणि ते टोक तरफेसारखं वर खेचलं जातं. तरफ डागडुजीची, दोर सैल, ओढणारा गडी रोडावलेला. सातव्या महिन्यात एके दिवशी दात घासता घासता टाच बोटभर उचलली गेली. तोंडात फेस असल्यामुळे कुणाला हाक मारता आली नाही.

आता वर्ष उलटलं. काही गोष्टींवरची टाच उठली, काहींवर ती कायमचीच आहे असं धरून चाललोय. शिरोरेघ अजूनही अर्ध्या अक्षरापर्यंतच जाते. शिडी दाराआड आहे. पंख्याचं तिसरं पातं बायकोनं लांब दांड्याच्या ब्रशनं पुसून टाकलं, माझ्याकडे न बघता.

आणि बूट. मोडून जुळलेली टाच जरा रुंद होते, त्यामुळे जुन्या जोडात डावा पाय शिरेना. चौथ्या महिन्यात नवीन जोड घेतला होता. दोन महिन्यांनी सहज उलटा करून बघितला, तर उजव्याच्या टाचेचा बाहेरचा कोपरा झिजायला लागलेला आणि डाव्याची टाच दुकानातून आणली तशी, वरची नक्षी कोरीव. एकाच जोडातला एक बूट माणूस वापरतोय आणि दुसरा सोबत फिरायला येतोय. तेव्हापासून दर महिन्याला मी बूट उलटे करून बघतो.

परवा बघितले. डाव्याच्या मागच्या कोपऱ्यावरची नक्षी पुसट झाली होती. नखाएवढीच, पण बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागत होती. उजेडात नेऊन पुन्हा बघितलं, मग बायकोला हाक मारून दाखवलं.

तिनं बूट हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाली, "अहो, एवढ्यात झिजले?"