बाईंचा डबा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं आणि पुढचे चार दिवस मी डोंबिवलीत असून नसल्यासारखाच होतो. शाळेबद्दल लिहायचं तर काय काय लिहायचं! पत्र्याच्या शेडमधले वर्ग, मोठी सर आली की शिकवणं थांबवून फळ्यावर नुसती गणितं लिहून देणारे सर, मधल्या सुट्टीत टाकीजवळची झुंबड. हे सगळं तुम्हा सर्वांपाशीही आहे, ते इतर कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं लिहील. मला बाईंबद्दल लिहायचं आहे. आडनाव लिहीत नाही. आपल्या शाळेत १९६८ ते १९९१ या काळात शिकलेल्या कुणालाही नुसतं 'बाई' म्हटलं की कळतं.

आमची बॅच १९८० ची. बाई आम्हाला आठवीपासून मराठीला होत्या आणि दहावीला वर्गशिक्षिका. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. घर चिपळूणला पेठमापात भाड्याचं, आणि मूळ गावी थोडीशी भातशेती, काकांच्या वाटणीला लागून. १९७९ चा जुलै. स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा पडणार म्हणून सगळीकडे एकच विषय होता. आमच्या आळीतल्या एका आजींनी तर देवापुढे अखंड दिवा लावला होता. त्याच आठवड्यात आमची लावणी अडली होती, माणूस मिळेना. बाबांनी मला सोमवार ते बुधवार घरी ठेवून घेतलं. तीन दिवस मी इरलं पाठीवर घेऊन चिखलात वाकलेला होतो. ११ जुलैला, बुधवारी, रोपांच्या जुड्या टाकता टाकता सगळे मधूनच आभाळाकडे बघत होते. स्कायलॅब त्याच रात्री हिंदी महासागर ओलांडून ऑस्ट्रेलियाकडे जाऊन पडलं.

गुरुवारी शाळेत जाताना बाबांनी चिठ्ठी दिली. आगारातल्या कागदाचा तुकडा, कानावर खोचलेल्या शिसपेन्सिलीने लिहिलेला. रस्त्यात उघडून वाचली आणि मला फार लाज वाटली. लावणीसाठी पोरगं घरी ठेवलं, असं त्यांनी सरळ लिहून टाकलं होतं. बाजारपुलाच्या कठड्याला टेकून मी वहीचं पान फाडलं आणि दुसरी चिठ्ठी तयार केली. 'तापामुळे शाळेत येऊ शकला नाही.' खाली बाबांची सही. ती सही मी बरेच दिवस गिरवत होतो, ती जमली असं मला वाटलं होतं.

बाईंनी चिठ्ठी वाचली. माझ्याकडे बघितलं नाही, चिठ्ठीकडेच बघत राहिल्या. मग हळू आवाजात, पुढच्या बाकालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "हा ळ तुझा आहे. बाबांची चिठ्ठी कुठे आहे?"

दोन्ही शब्दांत ळ होता, 'तापामुळे' आणि 'शाळेत'. मी ळ दोन सारख्या वाटोळ्यांचा काढायचो, हे मला तोवर स्वतःला ठाऊक नव्हतं. खिशातून बाबांची चिठ्ठी काढली. ती ओली होऊन चुरगळली होती. बाईंनी ती टेबलावर ठेवून तळहाताने दोनदा सपाट केली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एखादी इस्त्री फिरवावी तशी. वाचली. माझी खोटी चिठ्ठी फाडून केराच्या टोपलीत टाकली. टेबलाच्या खणातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, त्यात बाबांची चिठ्ठी ठेवली आणि झाकण लावलं. एवढंच. वर्गात एक शब्द नाही, घरी निरोप नाही. कॅटलॉगवर, म्हणजे हजेरीपटावर, पुढचं नाव घेतलं.

मधल्या सुट्टीत बोलावणं आलं तेव्हा मी पार घाबरून गेलो होतो. बाई म्हणाल्या, "तुझा ळ चांगला आहे. यंदा हस्तलिखिताला तू लिहायचंस."

ते आंतरराष्ट्रीय बालक वर्ष होतं, आणि हस्तलिखिताचा, म्हणजे शाळेच्या हाताने लिहिलेल्या अंकाचा, विषयही तोच. दर रविवारी दुपारी ड्रॉइंगच्या खोलीत आम्ही सहा जण बसायचो. कार्डशीटचे कागद, पेन्सिलीच्या फिकट रेघा, टाक, दौत आणि टिपकागद. शाई काळीच, चित्रकलेला वापरतात ती पक्की. निळी शाई बाईंना अजिबात चालायची नाही. "निळी पावसाळ्याची सोबतीण नाही," म्हणायच्या. लेखांत स्कायलॅब होतं, लावणी होती. लावणीवर मीच लिहावं असा त्यांचा आग्रह. ज्या गोष्टीची मला पुलावर लाज वाटली होती, ती मी चार पानं सुंदर अक्षरात लिहून काढली, आणि डिसेंबरच्या गॅदरिंगला ती टेबलावर मांडलेली बाबांनी उभ्याउभ्या पुरी वाचली. आगाराचे कपडे बदलून, भांग पाडून आले होते.

बाबा १९८३ साली गेले. मला बँकेत नोकरी लागलेली त्यांनी पाहिली नाही. तेहतीस वर्षं मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी चेकवरच्या सह्या पडताळण्यात. कुठली सही खरी, कुठली गिरवलेली, हे मला चटकन दिसायचं. सहकारी विचारायचे, कुठे शिकलात? मी शाळेचं नाव सांगायचो. मुख्य व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो त्या दिवशीच्या भाषणातही मी त्या ळ बद्दल बोललो.

२६ जुलै २००५. तिकडे मुंबई बुडालेली, इकडे वाशिष्ठीने चिपळूण पोटात घेतलेलं. रेल्वे बंद, रस्ते बंद. मी घरी पोचलो तो पाचव्या दिवशी. आई आणि धाकटा भाऊ माळ्यावर चढून वाचले होते. खालच्या खोलीत गुडघाभर गाळ होता, आणि त्यात बाबांची ट्रंक. उघडली तर पाना-पक्कड जशीच्या तशी होती. खर्चाची वही, आईला मुंबईहून लिहिलेली पत्रं, नोकरीचे कागद, सगळ्याचा निळसर लगदा झाला होता. हातात घेतला की बोटांमधून जायचा. आई म्हणाली, "त्यांच्या हातचं काहीच राहिलं नाही रे." आईला वाचता येत नव्हतं. पण ती वही ती दर दसऱ्याला काढून पुसून पुन्हा ठेवायची.

दिवाळीत बाईंना भेटायला गेलो. त्यांचं घर चढावर, पाणी तिथपर्यंत आलं नव्हतं. फराळाची ताटली पुढे ठेवता ठेवता मी ट्रंकेची हकिगत सांगितली. बाई काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि तो डबा घेऊन आल्या. मला वाटलं होतं, त्या चिठ्ठ्या वर्षअखेरीला फेकल्या जात असतील. डब्यात सालवार गठ्ठे होते, लोकरीच्या धाग्याने बांधलेले. "ऐंशीचा ना तू? म्हणजे एकोणऐंशीचा जुलै," असं पुटपुटत त्यांनी एक गठ्ठा सोडला.

ती चिठ्ठी आत्ता हे लिहिताना समोर आहे. शिसपेन्सिलीचं अक्षर, जराही पुसट झालेलं नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यात तेलकट अंगठ्याचा ठसा, त्यातल्या रेषासुद्धा मोजता येतात. मजकूर असा:

"मा. वर्गशिक्षिका बाई यांस, स. न. वि. वि. माझा मुलगा सोम, मंगळ, बुध शाळेत आला नाही कारण लावणीला माणूस मिळाले नाही. त्याचा दोष नाही. मी ठेवून घेतला. बुडालेला अभ्यास करून घ्यावा ही विनंती."

बाबांचा ळ एका दमात काढलेला आहे, हात न उचलता. मंगळ, शाळेत, मिळाले. तीन ळ.

"घेऊन जा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे ठेवायला होती, माझी नव्हती."

मी विचारलं, बाई, हे सगळं का जपलंत? त्या म्हणाल्या, "कॅटलॉगात नुसतं गैरहजर लागतं. पोरगं त्या दिवशी कुठे होतं, ते चिठ्ठीत असतं."

चिठ्ठी घेऊन पेठमापला गेलो आणि आईला वाचून दाखवली. तिने तिसऱ्यांदा वाचायला लावली. मग तेलाच्या ठशावर स्वतःचा अंगठा ठेवून बघितला.

२०१३ च्या जानेवारीत आपल्या गावात साहित्य संमेलन भरलं तेव्हा बाईंना मी रिक्षाने मांडवात नेलं. तीन दिवस त्यांनी एकही सत्र चुकवलं नाही. २०१८ साली बाई गेल्या. त्यानंतर त्यांच्या भाचीने डबा माझ्याकडे आणून दिला, 'आत्याने सांगून ठेवलं होतं' म्हणून. तो डोंबिवलीत होता म्हणूनच २२ जुलै २०२१ च्या पुरातून वाचला. त्या पुराने आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ सालापासूनची ती संस्था, दुसऱ्यांदा चिखलात घातली. शाळेच्या कपाटातली हस्तलिखितंही भिजली. आम्ही चौघे माजी विद्यार्थी आठ दिवस पानामागे पान सोडवत, मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालत बसलो होतो. स्केचपेनची चित्रं वाहून गेली होती. गुळगुळीत कागदावर छापलेले अंक विटेसारखे चिकटले, ते सुटलेच नाहीत. १९७९ चं हस्तलिखित मात्र वाळल्यावर अथपासून इतिपर्यंत वाचता आलं. पानं पिवळी, कडा लाटांसारख्या, आणि काळी शाई जागच्या जागी. बाईंचं ते निळ्या शाईचं बोलणं तेव्हा आठवलं आणि आम्ही चौघेही गप्प बसलो.

आता हस्तलिखित निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. रजेचा निरोपही मोबाइलवर जातो आणि मोबाइल बदलला की संपतो. आमच्या सोसायटीतल्या मुलांना घेऊन मी तीन वर्षं हस्तलिखित काढतो आहे, काळ्या शाईत. शाळेने पुन्हा सुरू करायचं मनात आणलं तर महिन्यातले दोन रविवार मी डोंबिवलीहून येईन, हे या निमित्ताने लिहून देतो.

आणि एक काम उरलं आहे. डब्यात एकशे त्रेसष्ट चिठ्ठ्या होत्या. 'म्हैस व्यायली.' 'आजोबांना रत्नागिरीच्या सिव्हिलला नेलं.' 'शिमग्याची पालखी घरी येणार.' 'फीचे पैसे झाले नाहीत म्हणून पाठवला नाही.' एका आईने लिहिलंय, 'छत्री एकच आहे, आज धाकटीला पाठवली, उद्या हा येईल.' काहींच्या खाली नुसता अंगठा, आणि शेजारी बाईंच्या अक्षरात कुणाचा ते. आजवर शोधून शोधून चौऱ्याहत्तर चिठ्ठ्या ज्यांच्या त्यांच्या हातात दिल्या. एकोणनव्वद राहिल्या आहेत. मुलींची लग्नानंतरची नावं कळत नाहीत, त्यामुळे त्यांच्याच जास्त राहिल्यात.

समारंभाच्या दोन्ही दिवशी मी ड्रॉइंगच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलापाशी डबा घेऊन बसलेला असेन. शाळेतलं नाव आणि दहावीचं साल सांगा.