झगा हलवता हलवता तीन आठवडे गेले

स्कायरिम गेमसाठी एक लांब झगा बनवला होता. कमरेपासून घोट्यापर्यंत भरपूर घेर, पुढून उभा चिरलेला, ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बघताना एकदम भारी दिसायचा. गेममध्ये कॅरेक्टरला घातला, चालायला लावलं आणि बघतो तर काय, झगा दोन्ही पायांना चिकटून ढगळ पायजम्यासारखा ताणला जातोय. कारण साधं होतं, कापडाचे व्हर्टेक्स (आकार बनवणारे बिंदू) मी सरळ मांडीच्या आणि पोटरीच्या बोनला (कॅरेक्टरच्या आतल्या अदृश्य हाडांना) बांधले होते, मग पाय जिकडे जाणार तिकडे कापड जाणार. म्हटलं आता ह्याला फिजिक्स लावूच, म्हणजे कापड स्वतःच झुलेल, दोन दिवसांचं काम असेल. (हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा म्हणणार नाही.)

स्कायरिम २०११ चा गेम, त्याची स्पेशल एडिशन २०१६ ची, आणि कपडे हलवायला मॉडवाले (गेममध्ये स्वतःची भर घालणारे) वापरतात ते एचडीटी-एसएमपी नावाचं प्लगिन, जे आतून बुलेट फिजिक्स इंजिनवर चालतं. माझा पहिला गैरसमज इथेच होता, मला वाटायचं की हे प्लगिन मेशकडे (झग्याच्या थ्रीडी जाळीकडे) बघून "हे कापड आहे" असं समजून घेत असेल आणि त्याला चुण्याबिण्या पाडत असेल. तसलं काही नाही. तिथे कापड नसतंच! असतात त्या फक्त बोनच्या साखळ्या, कमरेतून खाली लोंबणाऱ्या, एकाखाली एक अडकवलेल्या, त्या झुलतात आणि मेश त्यांच्यामागून फरफटत जातो. हे डोक्यात बसल्यावर बाकीचं समजायला लागलं.

मग साखळ्या. आधी कमरेभोवती सहा साखळ्या केल्या, प्रत्येकीत तीन बोन, तर झगा छत्रीसारखा कोनाकोनाचा दिसायला लागला. उत्साहाच्या भरात दहा साखळ्या, प्रत्येकी पाच बोन, म्हणजे पन्नास बोन केले, दिसायला मस्त पण तोच झगा गर्दीतल्या आठदहा जणांना घातला की फ्रेमरेट बसायचा, गेम अडखळायचा. शेवटी आठ गुणिले चार, बत्तीसवर थांबलो.

खरा वेळ खाल्ला तो वेट पेंटिंगने, म्हणजे कुठला बोन कापडाचा कुठला भाग किती ओढणार हे मेशवर रंगवून ठरवणं. एका व्हर्टेक्सवर जास्तीत जास्त चार बोनचं वेट चालतं, त्यामुळे दोन साखळ्यांच्या मधल्या भागात रंग हळूहळू एकीकडून दुसरीकडे उतरवावा लागतो, आणि कुठे पाचवा बोन शिरला की एक्स्पोर्टच्या वेळी एक गळतो आणि बरोबर तिथेच कापडाला दात पडल्यासारखं दिसतं. कमरपट्टा पूर्ण पेल्व्हिसला (कमरेच्या बोनला) दिला, तिथे फिजिक्सचा एक थेंबही नको, नाहीतर झगा कमरेवरून घसरल्यासारखा वाटतो. आठवडाभर मी फक्त रंगकाम करत होतो आणि घरचे विचारत होते गेम कधी खेळणार.

त्यानंतर एक्सएमएल फाइल, प्लगिनला सगळी सेटिंग सांगणारी. दुसऱ्या एका आऊटफिटची फाइल घेऊन नावं बदलली, गेम चालू केला, काहीच हलेना. एररपण नाही. दोन संध्याकाळी गेल्यावर लॉग उघडून बघितला तेव्हा कळलं की मेशच्या निफ फाइलमध्ये एक्सएमएलचा जो पत्ता लिहायचा असतो त्यात फोल्डरचं नावच चुकलं होतं. पत्ता चुकला की प्लगिन गेममध्ये ओरडत नाही, गप्प बसतं, झगा गप्प बसतो, आपण गप्प बसतो.

पत्ता दुरुस्त केला तर झगा हलला, पण पत्र्यासारखा, अख्खा एकसंध. मास (वजन) दिलं होतं, डॅम्पिंग (झुलणं मंदावणारा आकडा) दिलं होतं, इनर्शियाच्या (फिरण्याला होणाऱ्या विरोधाच्या) तिन्ही आकड्यांत मात्र शून्य. मला वाटलं शून्य म्हणजे हलकं, म्हणजे पटकन फिरेल, पण बुलेटमध्ये शून्य इनर्शिया म्हणजे बोन फिरायलाच नकार देतो. आणि मास शून्य म्हणजे तो बोन फिजिक्स सोडून ॲनिमेशनच्याच मागे जातो. सगळ्यात वरच्या ओळीला नेमकं तेच हवं असतं, साखळी कुठेतरी पक्की टांगलेली हवी ना. अजून एक, डीफॉल्ट सेटिंग फाइलमध्ये जिथे लिहाल तिथून खालच्या बोनना लागू होतं, मी ते शेवटी लिहून ठेवलं होतं.

आता साखळ्या झुलायला लागल्या तर एकेक वेगळी पळायला लागली, मध्ये कापड रबरासारखं ताणलं जायचं. म्हणून शेजारच्या साखळ्या आडव्या कन्स्ट्रेंटने (बोन जोडून ठेवणाऱ्या बंधनाने) एकमेकींना बांधल्या, म्हणजे कळ्या जोडून शिवाव्यात तसंच. फक्त पुढच्या चिरेच्या दोन्ही बाजूच्या साखळ्या मोकळ्या सोडल्या आणि पळताना चीर उघडून गुडघा दिसला तेव्हा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत.

मग कोलिजन, म्हणजे कापड पायातून आरपार न जाता पायाला धडकणं. शरीराचा पूर्ण मेश त्यासाठी वापरणं म्हणजे मशिनचा छळ, म्हणून मांड्या-पोटऱ्यांभोवती जेमतेम काही त्रिकोणांचा एक अदृश्य मेश बनवला, त्याला त्रिकोणांचं कोलिजन आणि कापडाला व्हर्टेक्सचं. टॅग लावून सांगितलं की कापडाने फक्त पायांना धडकायचं, स्वतःला नाही. तर झगा थरथरायला लागला, थंडी वाजल्यासारखा, कॅरेक्टर नुसतं उभं असतानासुद्धा! डॅम्पिंग वाढवलं, थरथर थोडी कमी पण झगा मधात बुडवल्यासारखा जड. शेवटी सापडलं ते मार्जिन, म्हणजे किती अंतरावरून धडक धरायची तो आकडा. ते इतकं मोठं होतं की उभं असतानाच कापड पायात घुसलंय असं इंजिनला वाटायचं, ते बाहेर ढकलायचं, कन्स्ट्रेंट परत आत ओढायचा, दर फ्रेमला हेच भांडण. मार्जिन कमी केलं, कापड पायापासून जरा लांब मॉडेल केलं, शांत. ह्याच फाइलींमध्ये पेनिट्रेशन (आत घुसणं) शब्द 'प्रीनेट्रेशन' असा चुकीचा लिहिलेला सगळीकडे दिसतो, मी शहाणपणा करायला घाबरून तसाच ठेवला, कारण प्लगिन तेही स्पेलिंग मान्य करतं.

आकडे लावताना मात्र मी एक पथ्य पाळलं, एका वेळी एकच आकडा, आणि आधीची फाइल तारखेसकट बाजूला. सुरुवातीला चार आकडे एकदम बदलून बघायचो आणि झगा आकाशात उडाला की कोणामुळे उडाला ते कळायचं नाही. खालच्या बोनना वरच्यांपेक्षा कमी मास दिलं, उलट केलं तर खालचं वजन वरच्याला ओढतं आणि साखळी लांबते. फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट दुसऱ्या जागी जाणं) केल्यावर कधीकधी झगा गळ्याभोवती गुंडाळलेला सापडायचा, तेव्हा कन्सोलमध्ये (गेममधल्या कमांड टाइप करायच्या खिडकीत) एसएमपी रीसेट टाकायचं, जागेवर येतो.

आता चालताना, पळताना, जिने उतरताना छान पडतो, बसल्यावर गुडघ्यांवर थोडा घुसतो पण चालतंय. घोड्यावर बसलं की मात्र सरळ घोड्याच्या पोटातून आरपार. घोड्यालाही कोलिजन द्यावं लागेल, आणि ते मी करणार नाहीये, माझं कॅरेक्टर सध्या सगळीकडे पायीच फिरतंय.