भिंगाच्या मधोमध खळगा

मला काचेच्या चकतीवर 150 मायक्रॉन व्यासाच्या भिंगांची जाळी बनवायची होती, शॅक-हार्टमन सेन्सरसाठी, म्हणजे प्रकाशलहरींचा आकार कुठे बिघडलाय हे मोजणाऱ्या उपकरणासाठी. प्रत्येकाचं नाभीय अंतर 1 मिलिमीटर.

एवढाली भिंगं कुणी घासत बसत नाही. काचेवर फोटोरेझिस्टचा, म्हणजे प्रकाशाला संवेदनशील अशा लेपाचा थर द्यायचा, मास्कमधून (नक्षी असलेल्या झाकणातून) अतिनील प्रकाश पाडून डेव्हलप करायचं, की गोल खुंट्या उरतात. हॉटप्लेटवर साधारण 150 अंशांना रेझिस्ट मऊ पडतं आणि पृष्ठताणाने खुंटीचा घुमट होतो. मग प्लाझ्मा एचिंगने, म्हणजे आयनित वायूने रेझिस्ट आणि काच दोन्ही झिजवत, तो घुमट काचेत उतरवायचा.

हिशेब सोपा वाटला. माझी काच फ्यूज्ड सिलिकाची, तिचा अपवर्तनांक सुमारे 1.46, म्हणजे वक्रतेची त्रिज्या 460 मायक्रॉन आणि भिंगाची उंची जेमतेम 6. वितळताना घनफळ तेवढंच राहतं, त्यामुळे खुंटी निम्मी: 3 मायक्रॉन.

पहिली चकती मायक्रोस्कोपखाली धरली, तर कडा सुरेख गोलावलेल्या आणि मधोमध खळगा! प्रोफाइलोमीटरच्या सुईने काढलेला आलेख दोन वशिंडांच्या उंटासारखा. तापमान वाढवलं, वेळ वाढवला. रेझिस्ट तपकिरी झालं, खळगा जागच्या जागी. दोन दिवस मी हॉटप्लेटलाच दोष देत होतो.

चूक थराची होती. रुंदीच्या मानाने थर फार पातळ असला की माल कडेलाच गोळा होतो, घुमट मध्यापर्यंत चढतच नाही. थर 6 मायक्रॉन केला आणि 12 मायक्रॉनचे नितळ घुमट आले. पण मला काचेत हवे होते 6. इथे ऑक्सिजन कामी आला. एचिंगच्या फ्लोरिनयुक्त वायूत तो वाढवला की रेझिस्ट भराभर झिजतं, काच मागे राहते. रेझिस्ट 2 मायक्रॉन गेलं की काच 1 जावी, हे प्रमाण बसवण्यात आणखी चार चकत्या खर्ची पडल्या. त्यांचं दुःख वेगळं.

शेवटच्या चकतीची परीक्षा साधीच घेतली. पारदर्शक फिल्मवर काळा ‘क’ छापून मायक्रोस्कोपच्या दिव्यावर ठेवला आणि फोकस भिंगांच्या जरा वर नेला. ओळीच्या ओळी ‘क’ उमटले. भिंगाने उलटा केलेला, मायक्रोस्कोपने पुन्हा उलटवून सरळ केलेला. एका कोपऱ्यात मात्र दोन घुमट वितळताना एकमेकांना चिकटले होते. तिथे नुसता काळा फराटा.