पलंगाची गादीदार पाठ

पलंगाच्या डोक्याकडची गादीदार पाठ घरीच करायची ठरवली, तेव्हा जळगावसारख्या कापसाच्या मुलखात राहून फोम कशाला, असे आईने विचारलेच. परंतु उभ्या फळीवर जाड भरलेला कापूस कालांतराने खाली सरकतो आणि त्याचे गोळे होतात. म्हणून १८ मिलिमीटरच्या प्लायवर ५० मिलिमीटर जाडीचा फोम चिकटवला आणि त्याच्या कडा कापडावर उमटू नयेत यासाठी वरून पिंजलेल्या कापसाचा पातळ थर दिला. आईचेही समाधान झाले. रेक्झिन मुद्दाम टाळले, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो तेव्हा घामेजलेले अंग त्याला चिकटते. जाड सुती कापड त्यापेक्षा कितीतरी बरे.

कापड ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यभागी आधी स्टेपल गनने एकेक पिन मारावी आणि मग समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने कोपऱ्यांकडे सरकावे, म्हणजे कापडाचा उभा धागा तिरका जात नाही. कोपऱ्यावरचे जादा कापड मागच्या बाजूला छाटून दोन चुण्या एकमेकींवर दुमडल्या की समोरून फुगवटा दिसत नाही. तयार पाठ भिंतीत न ठोकता पलंगाच्या पायांना बोल्टने जोडली, त्यामुळे उन्हाळ्यातल्या धुळीनंतर ती सोडवून अंगणात झटकता येते.